१८८१ : ‘केसरी’ आणि ‘बालबोध’

१८८१ म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘केसरी’ आठवतो. एम.ए.ला येईपर्यंत मलाही तेवढाच ठाऊक होता. त्याच वर्षी विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढले. कोकणातल्या हेदवीत १८४० साली जन्मलेले, शिक्षणखात्यात नोकरी केलेले ओक १९१४ साली निधन होईपर्यंत ते चालवीत राहिले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, बहुतेक स्वतःच्याच लेखणीतून! टिळक-आगरकरांचे पुढचे वाचक घडवले कोणी, या प्रश्नापायी मी प्रबंधाचा विषयच बदलला. ‘साधने कुठून आणणार?’ असे मार्गदर्शकांनी विचारले. शंका रास्तच होती. मुलांनी हाताळलेले अंक फाटतात. फारसे कोणी ते बांधून ठेवत नाही. मित्रहो, वाशी-नेरूळमध्ये कोकणातून आलेली कितीतरी घरे आहेत. कुणाच्या गावी माळ्यावर जुना ‘बालबोध’ असेल, तर रद्दीत देण्यापूर्वी मला अवश्य कळवा.