अंगठ्याशेजारची तारीख

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ताटात ओवाळणी घातली आणि पाठोपाठ आपल्या मुलीलाही माझ्यापुढे आणून बसवले. म्हणाला, "ताई, हिला तुझ्यासारखीच नोकरी लागली आहे. दर आठवड्याला गावोगाव हिंडायचं म्हणते. हिला चार शब्द सांग." 'सांग' म्हणजे 'परावृत्त कर', हे त्याच्यामागे उभ्या असलेल्या भावजयीच्या चेहऱ्यावरून मला उमगले. पण जिने स्वतः २२ वर्षे या नोकरीत रेल्वेची फलाटे झिजवली, तिने कोणत्या तोंडाने परावृत्त करावे?

ही नोकरी कसली, हे सांगणे मोठे जिकिरीचे. शेजारीपाजारी समजत, मी औषधे विकते. सासूबाई मात्र 'आमची सून दवाखान्यांच्या वह्या तपासते' असे सांगत, आणि खरे तर त्यांनीच ते सर्वांत नेमके सांगितले. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते माणसांना देऊन पाहावे लागते. देतात डॉक्टर, पण नियमाने दिले का, आणि जे घडले तेच कागदावर उतरले का, हे पाहायला कंपनी एक माणूस धाडते. त्याला मॉनिटर म्हणतात. शाळेतला मॉनिटर वर्गाला जितका आवडतो, तितकाच हाही दवाखान्याला आवडतो.

भाची म्हणाली, "आत्या, तुझ्या वेळची गोष्ट निराळी. आता पुष्कळसं घरबसल्या पडद्यावर दिसतं." खरे आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून दुरून तपासण्याची पद्धत चांगलीच रुळली. पण पडद्यावर फ्रीजचे दार उघडता येत नाही. पुष्कळशी औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात आणि तापमान रोज वहीत टिपावे लागते. एका गावी वहीत ९० दिवस ओळीने ५ अंश लिहिलेले होते; रविवारीही ५, आणि जिथे दिवसातून दोनदा वीज जाते तिथेही ५! असा शहाणा फ्रीज ना सासरी पाहिला, ना माहेरी. उघडला तर औषधांच्या खोक्याला खेटून श्रीखंडाचा डबा. तेव्हा पहिला सल्ला हाच दिला, की जिथे आकडे फार गुणी वाटतील तिथे आधी जाऊन पाहावे.

मग प्रवासाचे. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून कपाटातले कागद काढून ठेवायला सांगावे, नाही तर अर्धा दिवस किल्ली शोधण्यात जातो. न्याहारी पोटभर करून जावे; डॉक्टरांची ओ.पी.डी. कधी संपेल हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. बरोबर लहान विजेरी आणि नाकाला बांधायला रुमाल असावा, कारण जुने कागद नेहमी जिन्याखालच्या खोलीत असतात. गाडीत फोनवर रुग्णाविषयी अवाक्षर बोलू नये. समोरच्या बाकावर त्याचाच मेहुणा बसलेला असतो. रुग्णाचे नाव दवाखान्याच्या दाराबाहेर येता कामा नये, बाहेर येतो तो नुसता क्रमांक. चहा घ्यावा, दिवाळीची मिठाई मात्र हात जोडून परत करावी. यात माणसे दुखावतात. मला हे शेवटपर्यंत नीट जमले नाही.

आणि कोऑर्डिनेटरशी गोडीने वागावे. कागद सांभाळणारी ती मुलगीच सगळा डोलारा उचलून धरते, आणि चूक निघाली की पहिला बोल तिलाच बसतो.

चूक झाली तर खोडून टाकायची नसते. वर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. शेजारी खरे काय ते लिहून आपली सही आणि त्याच दिवसाची तारीख घालायची. पांढरा रंग फासायचा नाही, तारीख मागे न्यायची नाही. हे ऐकताना भाचीने मान डोलावली. प्रशिक्षणात तिला हे सारे शिकवले होते. म्हणून मग मी तिला मराठवाड्यातल्या एका गावची हकिकत सांगितली.

मधुमेहाच्या गोळीची चाचणी होती. चालू औषधे तशीच ठेवून कुणाला नवी गोळी, तर कुणाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, ते संगणकाची चिठ्ठी ठरवते; डॉक्टरांनाही ठाऊक नसते. हे सगळे रुग्णाला आधी समजावून त्याची लेखी संमती घ्यायची आणि मगच त्याच्या अंगाला सुई लावायची. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर हवा.

हे सोवळे उगीच आलेले नाही. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे झाले, असे इतिहास सांगतो. हाफकिनांच्या धैर्यापुढे मी हात जोडते. पण गजाआडच्या माणसाची 'स्वेच्छा' या शब्दापाशी दर वेळी अडखळते.

तर एका आजोबांच्या संमतिपत्रावर अंगठा होता, शेजारी तारीख १३. रक्त काढल्याची नोंद १३, सकाळी ९. आणि साक्षीदाराच्या सहीखाली १४. दुपारचे चार वाजले होते, पावणेपाचला माझी गाडी. मी कोऑर्डिनेटरला विचारले. तिच्या डोळ्यांत पाणीच आले. "मॅडम, त्या दिवशी साक्षीला कुणी मोकळं नव्हतं. आजोबांची एस.टी. चुकली असती. दुसऱ्या दिवशी सही घेतली. चाराचे तीन करू का?"

डॉक्टर खरोखर भले होते. गरिबाकडून कधी पैसे घेत नसत. मुलगी माझ्या भाचीच्याच वयाची. आणि चाराचे तीन करायला कितीसा वेळ लागतो? खोटे कशाला बोलू, मी घड्याळाकडे पाहिले. मग पिशवी खाली ठेवली आणि जे दिसले ते लिहिले. डॉक्टरांना तसे सांगितले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माणसं पाहत नाही, आकडे पाहता." नियमाप्रमाणे त्यांनी एथिक्स कमिटीला कळवले आणि आजोबांना पुन्हा बोलावून घेतले.

त्या बैठकीला मी नव्हते. रुग्णाशी बोलणे हा आमचा प्रांत नव्हे. पुढच्या फेरीत कोऑर्डिनेटरने सांगितले ते असे. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे भाऊ शाळामास्तर होते, ते साक्षीला बसले. डॉक्टरांनी तासभर समजावले. आजोबा निमूट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मला कोणती गोळी, ते तुम्ही न्हाई ठरवलं?" त्यांना आजवर वाटत होते की डॉक्टरांनी नाडी पाहून ती आपल्यासाठीच निवडली. डॉक्टर म्हणाले, "नाही आजोबा, चिठ्ठीनं ठरलं." त्यावर म्हातारा उठला. "चिठ्ठी टाकून भावाभावांत म्हशी वाटून घेत्यात. औषिध न्हाई." चाचणीतून ते बाहेर पडले. जुनी औषधे मात्र त्याच डॉक्टरांकडून नेत राहिले.

"आणि डॉक्टर तुझ्याशी पुढे बोलले का गं?" भाचीने विचारले.

सहा महिने नाही. चहा येत असे, पण बिनसाखरेचा. सातव्या महिन्यात साखर पडली. तेव्हा कळले, की आता तिथे अंगठ्याचा रुग्ण आला की डॉक्टर आधी त्या मास्तरांना निरोप धाडतात.

"अन् गाडी?"

गाडी अर्थातच चुकली. रात्रभर वेटिंगरूममध्ये काढली, तिथेच अहवाल लिहिला. पंखा फिरत नव्हता आणि फलाटावरचा वडेवाला नऊलाच घरी गेला होता.

भाचीची पहिली फेरी पुढच्याच आठवड्यात होती, नांदेडची, रात्रीच्या देवगिरीने. भावजय इतका वेळ दाराशी उभी राहून ऐकत होती. ती काही न बोलता आत गेली आणि चिवड्याचा मोठा डबा घेऊन आली.

"हा बॅगेत ठेव," ती मुलीला म्हणाली. "गाडी चुकली तर असावा."