लिंगोचे गीत आणि मातो-तोपेची तसबीर

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

चि. नंदिनीस,

ओमाहाच्या जोस्लिन संग्रहालयातून तू धाडलेले मातो-तोपे या मंडन सरदाराचे चित्र पोहोचले. त्याच्या छातीवर रंगवलेला पिवळा पंजा आणि केसांत खोवलेली लाकडी सुरी मी भिंग लावून पुनःपुन्हा पाहिली. १८३३-३४ च्या हिवाळ्यात मिसुरीकाठी मुक्काम करून चित्रकार कार्ल बोडमरने ती तसबीर रेखाटली नसती, तर १८३७ च्या देवीच्या साथीत त्या सरदारासह जवळजवळ सारी मंडन जमात नामशेष झाल्यावर त्या मुखाचे इतक्या बारकाईने स्मरण कोणी ठेवले असते?

आपल्या झाडीपट्टीत असा कोणी चित्रकार आला होता काय, असे तू विचारतेस. माझ्या मते इकडे कुंचल्याचे काम लेखणीने केले, आणि त्याची कथा तुझ्या अमेरिकेपर्यंत जाते.

१८४५ साली नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश पाद्री धर्मोपदेशाइतक्याच निष्ठेने दगड, जीवाश्म आणि गोंडांच्या परंपरा यांचा संग्रह करीत. गोंडांचा गायक असलेल्या एका परधानाच्या मुखातून त्यांनी गोंडांचा आद्य धर्मपुरुष लिंगो याचे प्रदीर्घ गीत मूळ गोंडीत उतरून घेतले. परंतु ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला, आणि ते कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. पुढे जमीनबंदोबस्ताच्या व जंगलाच्या कामावर फिरलेल्या कॅप्टन फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात तेच गीत इंग्रजी पद्यात आणले, आणि छंद घेतला तो लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चा! लाँगफेलोने तो फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून उचललेला, कथा मात्र स्कूलक्राफ्टने जमविलेल्या ओजिब्वे लोकांच्या. आपल्या पहांदी पारी कुपार लिंगोला तुमच्याकडच्या सरोवरकाठच्या वीराची चाल लावण्यात आली, हे वाचून माझे मन भरून आले आणि थोडे खट्टूही झाले.

खट्टू का, ते सांगतो. गीतात विस्तवाच्या शोधात निघालेला लिंगो भोपळ्याला वेळूची दांडी जोडून, आपल्याच डोक्याचे केस तारांसारखे ओढून वाद्य करतो, आणि झाडावर बसून ते असे वाजवतो की म्हातारा राक्षस रिकाड गवडी आणि त्याची बायको भान विसरून नाचू लागतात. माझ्या लहानपणी धानाची मळणी आटोपली की शेजारच्या गोंड पाटलाच्या अंगणात एक वृद्ध परधान किंगरी हे तंतुवाद्य घेऊन येई. गजाच्या केसांवर तो सावकाश राळ घाशी; सारे अंगण तेवढ्या वेळात निःशब्द होई. राक्षसाच्या नाचाचा प्रसंग आला की गाता गाता त्याचेच खांदे नकळत थरथरू लागत, आणि आम्ही पोरे राक्षस सोडून त्या खांद्यांकडे पाहत असू.

हिस्लॉप यांनी शब्द राखले, याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते खांदे ना त्यांच्या टिपणात उतरले, ना फॉर्सिथच्या छंदात. त्या अंगणात बोडमरसारखा कोणी बसावयास हवा होता, असे तुझे चित्र हाती घेतले की प्रत्येक वेळी वाटते.

त्या तसबिरीची मोठी प्रत मिळाली तर अवश्य धाड. पंज्याची बोटे मला नीट मोजावयाची आहेत. मामी तुझी आठवण काढते. कळावे.

तुझा मामा