पनवेलचे शनिवार तेली

पुण्याहून मुंबईला जाताना पनवेल सगळ्यांनाच लागते. गावात शिरतो कोण? एके काळी हे बंदर होते. घाटावरचा माल इथे उतरे आणि खाडीतून गलबतांनी मुंबईला जाई. या गावात बेने इस्राएल ज्यू नांदले. नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून पूर्वज कोकणात आले, असे ते सांगतात. धंदा घाण्याचा, भाषा मराठी, आडनावे गावावरून: किहीमकर, पेणकर, पनवेलकर. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

त्यांचे बेथ एल प्रार्थनामंदिर १८४९ सालचे. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे मंदिर तिच्याहूनही थोरले!

१९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढे घरेच्या घरे तिकडे गेली. वास्तू मागे राहिल्या. भाऊ परदेशी गेला म्हणून सामाईक घरातला त्याचा हिस्सा बुडत नाही. सगळे घर विकायचे तर त्याचीही सही लागते. (आपल्या घरीही हेच, बरे का!) विश्वस्त संस्थेची जागा तर कुणा एकाची नव्हेच, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे जमिनीला सोन्याचा भाव आला. मंदिर आपल्या जागी आहे.

२६ जुलै २००५ च्या पुरात गाढीचे पाणी गावात आणि मंदिरातही शिरले. धर्मग्रंथाची गुंडाळी भिजून निकामी झाली, तर ज्यू ती टाकून देत नाहीत. माणसासारखी कबरस्तानात पुरतात.