कारणाचा रकाना

शस्त्र परवान्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे येणारा माणूस सगळे कागद व्यवस्थित लावून आणतो. आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र घरात कसं सुरक्षित ठेवणार याचं हमीपत्र. वय २१ पूर्ण असतंच. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. यात वकिलाची गरज फारशी नाही. माझं काम सुरू होतं ते एका रकान्यापाशी: शस्त्र कशासाठी हवं?

तिथे बहुतेकांचं एकच वाक्य ठरलेलं. ‘मी प्रतिष्ठित व्यावसायिक असून समाजकंटकांपासून माझ्या जीवितास धोका आहे.’ कोण समाजकंटक? धमकी कधी दिली? ठाण्यात निदान एखादी एन.सी. तरी नोंदवलीत? थोडं खोदलं की खरं बाहेर येतं. ‘तसं काही नाही हो वकीलसाहेब, पण कमरेला असलं की गावात जरा वजन राहतं.’ आता हे मी कुठल्या कलमात बसवू?

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ या बाबतीत फार शहाणं आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली आणि गरज खरी असली, अर्जदारात काही अपात्रता निघाली नाही, तर परवाना द्यावा असं ते सांगतं. रानडुकरांनी भाताचा चिखल केलेल्या कोकणातल्या शेतकऱ्याचं कारण त्याच्या शेतातच दिसतं. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. आणि पैसा हे कारण नव्हे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मालमत्ता आहे म्हणून तो द्यावा असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

एका पेट्रोल पंपमालकाचा अर्ज मला आजही नमुन्यादाखल आठवतो. रात्रीची रोकड घेऊन कुठल्या रस्त्याने जातो, बँकेच्या भरणा पावत्या, आधी झालेल्या लुटीच्या एफआयआरची प्रत. विशेषणं शून्य. चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारलं, घरात भांडणं होतात का हे बायकोला बाजूला घेऊन विचारलं, मग शस्त्र ठेवायचं कपाट दाखवा म्हणाले. कपाट भक्कम लोखंडी, पण किल्ली कुलपालाच लटकलेली. त्यांनी ती काढून मालकाच्या हातावर ठेवली आणि वहीत काहीतरी टिपलं. परवाना मिळाला.

जुना खटला लपवणारे माझ्या डोक्याला खरा ताप देतात. ‘मिटलंय ते, कशाला लिहायचं?’ अहो, पोलिसांच्या दप्तरात ते असतं. माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होऊ शकतो, मग कितीही वर्षांनी का असेना.

आणि वजनाचं म्हणाल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी तीही हौस ठेवलेली नाही. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं. चारचौघांत काढून दाखवलं तर परवान्यावर गदा. वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली आहे. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली आणि शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली. तरी रील काढणारे काढतातच!

ज्यांना खरोखर धोका आहे त्यांना एवढंच सांगेन: धमकी आली त्याच दिवशी ठाण्यात नोंद करा, रकान्यात तारीख आणि ठिकाण लिहा, ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी मागा. अपिलाला ३० दिवस असतात.