पाणी सहाव्या वचनात

बायबलमधल्या यशयाचा पस्तिसावा अध्याय अवघ्या दहा वचनांचा आहे. ओसाड रान हर्षते, लंगडा हरणासारखा उड्या मारतो, वाळवंटात झरे फुटतात. ख्रिस्तजन्माआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. त्यातल्या तिसऱ्या रविवारी पुष्कळ मंडळ्यांत जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकुलती गुलाबी मेणबत्ती पेटवतात, आणि दर तीन वर्षांनी त्या दिवशी हा अध्याय वाचला जातो. तो आनंदाचा रविवार. नगर तालुक्यात वाढलेल्या माणसाला या अध्यायातली जमीन दाखवावी लागत नाही. सह्याद्रीने पाऊस अडवलेला आमचा हा पट्टा. इथली रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर येते, आणि डिसेंबरात ती कमरेला लागली की माणसांची बोलणीही मऊ होतात.

१९७२ च्या दुष्काळात डिसेंबर आला तरी ज्वारी पेरलीच नव्हती. वडील पाझर तलावाच्या कामावर, आई खडी फोडायला. घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. अशा एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत वडिलांनी हाच अध्याय काढला आणि आवाज चढवून वाचला. आईच्या तळहातांना फोड आले होते. मला त्या वाचनाचा राग आला. फुलणाऱ्या वाळवंटाचे कौतुक आमच्या घरात कशाला? वाचून झाल्यावर वडिलांनी टाळ घेतले. ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणू लागले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला. पुढे बरीच वर्षे ते नगरला राहिले, आणि त्यांचे अभंग आमच्याकडच्या घराघरांत पोचले. दुष्काळात वडील ते अभंग म्हणत होते आणि आई मागून सूर धरत होती. तिला आनंद कुठून सापडत होता, हे विचारायचे राहून गेले.

नोकरीची वर्षे शहरात गेली. तिथे आगमनकाळ खरेदीत आणि रोषणाईत लवकर संपायचा.

त्या अध्यायाचा अर्थ मला लागला तो हिवरे बाजार या गावात. माझ्या धर्माशी या गावाचा काही संबंध नाही, आणि तिथल्या लोकांच्या घामावर मला यशयाचे नाव लिहायचे नाही. पण डोंगरउतारावरचे समतल चर पाहत उभा असताना मला अध्यायातल्या वचनांचा क्रम आठवला. आनंद पहिल्याच वचनात आहे. पाणी येते सहाव्या वचनात. मध्ये, तिसऱ्या वचनात, गळालेल्या हातांना बळ द्या, लटपटणारे गुडघे सावरा, असे सांगितले आहे. म्हणजे हर्ष आधी, मग हात, मग झरे. मी आयुष्यभर हे उलटे वाचत आलो होतो.

हिवरे बाजारने १९९० च्या आसपास पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात कामाला सुरुवात केली तेव्हा विहिरी कोरड्या होत्या आणि माणसे गाव सोडून जात होती. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. बोअरवेलच्या पाण्यावर शेती नाही, ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की गाव पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडते, आणि रब्बीला काय पेरायचे ते त्यावर ठरते. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणारी पिके त्या साली बंद. डोळे आभाळाकडे लावून बसण्याला मी वाट पाहणे म्हणत असे. या गावाने वाट पाहण्याला कुदळ आणि हिशेब दिला. सामुदायिक श्रमदानात जी हौस असते, ती पाणी येण्याआधीची असते. माझ्या आईच्या सुरात तीच होती, असे मला आता वाटते.

वाट पाहण्याचाच प्रश्न बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून येशूला विचारला होता: येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? उत्तरात येशूने आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात याकडे बोट दाखवले. या खुणा यशयाच्या याच अध्यायातल्या. योहान मात्र तुरुंगातून सुटला नाही. आगमनकाळाच्या आनंदात हीही गोष्ट धरली पाहिजे. ती वगळली तर उरते फक्त रोषणाई.

यंदा आमच्या मंडळीतल्या तरुणांना मी सुचवले आहे की नाताळची गाणी म्हणत वस्त्यांवर जाल तेव्हा सोबत दोरी न्या, प्रत्येक वस्तीवरच्या विहिरीची पातळी मोजा आणि वहीत लिहा. काहींना ते पटले, काहींना गाण्यांचा वेळ जाईल असे वाटते. पहिली फेरी ज्या वस्तीवर आहे तिथल्या विहिरीला कठडा नाही, म्हणून दिवसाउजेडीच निघायचे ठरले आहे.