होडीवरची शेगडी

आमच्या किनाऱ्यावर, हर्णैपासून दाभोळ-जयगडपर्यंत, लहान फायबरच्या होड्या आता खूप वाढल्यात. कुणी गळ टाकायला जातो, कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो, कुणी आखातातून सुट्टीवर आलेल्या भावंडांना घेऊन खाडीत चक्कर मारतो. होडी आली की पाठोपाठ शेगडी येतेच. ताजा बांगडा पाण्यातून काढून तिथंच भाजून खायचा, ही हौस कुणाला नसते? शिवाय कुवेत-कतारहून येणाऱ्या सामानात हल्ली हाताने उचलता येणारी गॅसची ग्रिलही असते. झाकण असलेली, चकचकीत, सुटकेससारखी बंद होणारी.

माझ्या भाच्यानेही अशीच एक बघून ठेवली आणि मला विचारलं, "मामू, एका बर्नरची घेऊ की दोन?" मी म्हटलं, तो प्रश्न शेवटी विचार. पहिला प्रश्न असा की, होडीवर गॅस गळला तर तो जाईल कुठे?

आपण स्वयंपाकाला वापरतो तो गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीडपट ते दुप्पट. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली वाहतो आणि सखल जागा शोधतो. घरात गळला तरी खिडकी आहे, दार आहे, उंबऱ्यावरून त्याला बाहेर काढता येतं. होडीला उंबरा नाही. ज्या कौशल्याने कारागिराने पाणी आत येऊ दिलेलं नाही, त्याच कौशल्याने गॅस बाहेर जायची वाट बंद झालेली आहे. फळ्यांखाली, जिथे डिझेलमिश्रित पाणी साचतं, तिथे तो जाऊन बसतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. ठिणगीही तिथेच असते. पाणी उपसायच्या पंपाचा स्विच, बॅटरीची सैल तार, इंजिनचा स्टार्टर, सगळं त्याच तळाशी.

आमच्या नात्यातल्या एका माणसाच्या नौकेवर हेच झालं. रात्री शेगडीचं बटण थोडं उघडं राहिलं. पहाटे इंजिनला चावी मारली आणि केबिन पेटली. कुणी दगावलं नाही, पण जेवण बनवणाऱ्या पोराचे दोन्ही हात भाजले. पोरगा जेमतेम वीस वर्षांचा. नंतर बंदरावर सगळे एकच बोलत होते, पोराने बटण नीट बंद केलं नव्हतं. खरं होतं ते. पण शेगडी जुनी होती, पाइप तडकलेला होता आणि सिलिंडर केबिनच्या आत बांधलेला होता. या तीन गोष्टींपैकी एकही त्या पोराने ठरवलेली नव्हती.

जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला आपल्याकडे भंडारी म्हणतात. कोकणातल्या भंडारी समाजाशी या शब्दाचा घोळ करू नका. हा जहाजावरचा हुद्दा आहे, सारंग आणि तांडेल यांच्यासारखा. इंग्रजांच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने खलाशी होते. आमच्या कित्येक घरांत कुणाचा तरी आजा सारंग होता. सारंगाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. भंडाऱ्याच्या कुणी सांगत नाही. आजही मासेमारीच्या लहान नौकांवर हे काम बहुतेक सगळ्यांत नवख्या पोराकडे येतं. तो कधी गावातला असतो, कधी थेट नेपाळमधून आलेला, ज्याने त्याआधी समुद्र पाहिलेलासुद्धा नसतो. सगळ्यांचा जीव त्याच्या हातातल्या बटणावर आणि पगार सगळ्यांत कमी.

म्हणून शेगडी निवडणं हे मालकाचं काम आहे, आणि ते दुकानात उभं राहून नीट करायचं काम आहे.

सगळ्यांत आधी बघा ती ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय. समुद्रावर वारा ज्योत विझवणारच. या सोयीत बर्नरला चिकटून एक बारीक धातूची दांडी असते. ती तापली की तिच्यात किंचित वीज तयार होते आणि त्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत गेली, दांडी थंड झाली, की झडप मिटते. अशी शेगडी पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. दुकानातच पेटवून दाखवायला सांगा, ज्योत विझवा आणि कान देऊन थांबा. मिनिटाच्या आत 'टक' असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर शेगडी कितीही सुंदर असो, ती घराच्या अंगणात ठेवा.

दुसरी गोष्ट धातू. नुसतं 'स्टील आहे' यावर जाऊ नका. साधारण भांड्यांचं चांगलं स्टील ३०४ नंबरचं असतं. खाऱ्या हवेला त्याहून ३१६ नंबरचं जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. ते महाग पडतं. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, पण लोहचुंबक घट्ट चिकटलं तर बहुधा ते हलकं स्टील आहे एवढं कळतं. बर्नर पितळी किंवा स्टीलचा असावा. पत्र्याचा बर्नर एका मोसमात गंजतो आणि छिद्रं वाकडीतिकडी होऊन ज्योत एका बाजूने फरफरते.

तिसरी गोष्ट बैठक. ग्रिल बुटकी आणि रुंद हवी, पाय पसरट हवेत आणि ती होडीच्या काठाला किंवा रेलिंगला क्लॅम्पने घट्ट आवळता आली पाहिजे. काठाबाहेर टांगता येणारी मिळाली तर उत्तमच. गळलेला गॅस सरळ समुद्रावर जातो. जाळीला चारी बाजूंनी उभी कड असावी, म्हणजे लाट आली तरी मासा आणि तवा जागेवर राहतात.

परदेशातून आणलेल्या ग्रिलच्या मागे एक पट्टी असते, तिच्यावर गॅसचा दाब मिलिबारमध्ये लिहिलेला असतो. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारचा. आकडे जुळत नसतील तर ती ग्रिल इथे वापरू नका. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर तर तिला कधीच जोडू नका. सिलिंडरच्या तोंडावर रेग्युलेटर बसतो का, तेही दुकानातच लावून बघा.

सिलिंडर शक्यतो ५ किलोचा घ्या. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर लहान होडीवर म्हणजे दारात बांधलेला रेडा. लाट आली की कुठे धडकेल सांगता येत नाही. शिवाय घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायला कायद्याने परवानगीही नाही. फायबरचे सिलिंडर आता ५ आणि १० किलोत मिळतात. ते गंजत नाहीत, वजनाला हलके असतात आणि आत किती गॅस उरला ते बाहेरून दिसतं. सिलिंडर कुठलाही असो, तो उभाच राहिला पाहिजे, पट्ट्याने बांधलेला, उघड्या डेकवर, इंजिन आणि बॅटरीपासून लांब. आडवा पडला तर वाफेऐवजी पातळ गॅसच पाइपात शिरतो आणि ज्योत हातभर उसळते.

काही जण हातात मावणाऱ्या डब्याची कॅसेट शेगडी घेतात. चहापुरती ती ठीक आहे. पण तिच्यावर मोठा तवा ठेवू नका. तव्याचा काठ डब्यावर आला की डबा तापतो आणि तापलेला डबा फुटतो. वाऱ्यासाठी चारी बाजूंनी पत्रा लावून शेगडी कोंडली तरी तेच.

आता वापरायचं कसं? नांगर टाकलेला असताना, उघड्यावर. पाऊस आला म्हणून ग्रिल केबिनमध्ये नेऊ नका. कोंडलेल्या जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही; माणसाला नुसती झोप येते. पेटवताना ग्रिलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आत साचलेला गॅस भक्‌कन पेट घेतो. पेट्रोलचं इंजिन असेल तर तेल भरणं आणि चूल पेटवणं ही दोन कामं एका वेळी नकोत.

बांगडा तेलकट मासा आहे. चिरे मारून हळद, तिखट, लसूण आणि आगळ चोळलात की त्याची चरबी थेंबथेंब ज्योतीवर पडते आणि भडका उडतो. म्हणून आच मध्यम ठेवा आणि मासा केळीच्या पानात गुंडाळा. पान चरबी धरतं, वाराही अडवतं आणि मासा जाळीला चिकटत नाही. भडका उडालाच तर पाणी ओतू नका. सिलिंडर बंद करा आणि झाकण पाडा.

होडीवरच्या जेवणाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे हलालचा प्रश्न उठत नाही. मासळीला जबिहा लागत नाही. त्यामुळे तांडेल मुसलमान असो, खलाशी कोळी असो की नेपाळी, एकाच टोपातलं कालवण सगळे जेवतात. कोळंबीवरून हनफी मंडळी थोडा वाद घालतात. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, आम्हाला तीही चालते. रमजानमध्ये पहाटेची सहरीही याच शेगडीवर होते. पण तीच वेळ धोक्याची असते. डोळ्यांवर झोप, अंधार, घाई, आणि अजानच्या आधी चहा उकळायचा.

इथे मला एक हदीस आठवते. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळालं. ते कळल्यावर पैगंबरांनी सांगितलं की आग तुमची दुश्मन आहे, झोपायच्या आधी ती विझवा. दुसऱ्या एका रिवायतीत कारणही दिलंय: उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद आहे. मी लहानपणी हे ऐकलं तेव्हा उंदराचं हसू आलं होतं. पण बंदरातल्या कुठल्याही नौकेवर जाऊन बघा. वात गेली, उंदीर अजून आहेत, आणि ते आता गॅसचा रबरी पाइप कुरतडतात. म्हणून साधा पाइप नको, आत तारेची जाळी असलेला 'सुरक्षा' पाइप घ्या आणि त्यावरची तारीख बघून पाच वर्षांच्या आत बदला.

आणि झोपण्याआधी आग विझवणं म्हणजे होडीवर नुसतं शेगडीचं बटण फिरवणं नव्हे. आधी सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद करायचा. पाइपातला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझते. मग बटण बंद. रात्री मुक्काम असेल किंवा होडी चालू करायची असेल तर रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावायचं. हा क्रम पाळला तर पाइप तडकला, उंदराने कुरतडला, बटण सैल राहिलं, तरी गळायला गॅसच उरत नाही.

तरीही कधी वास आलाच तर कुठलंही बटण दाबू नका, पंखाही नाही, पंपही नाही, मोबाइलचा टॉर्चही नाही. सिलिंडर बंद करा, माणसं वर घ्या, सगळी झाकणं उघडा. मग प्लास्टिकची बालदी घेऊन तळातली हवा पाण्यासारखी उपसून बाहेर ओता. बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल, पण गॅस जड आहे, तो बालदीत येतो. वास पूर्ण गेल्यावर आणि वर थोडा वेळ वारा खेळल्यावरच इंजिनकडे जायचं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, जाळी विणली जातात, इंजिनं खोलली जातात. शेगडीकडे मात्र कुणी बघत नाही. त्या दोन महिन्यांत बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, छिद्रांत मीठ बसतं आणि ऑगस्टमध्ये ज्योत उलटी पाइपाकडे धावते. नळी ब्रशने साफ करा. जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर जोड गळतोय. या कामाला अर्धा तास लागतो आणि खर्च साबणाचा.

त्या अर्ध्या तासाला भंडारी पोरालाही बरोबर बसवा. त्याच्या भाषेत समजावा, त्याच्या हाताने करवून घ्या. आणि रात्री तांडेल नांगर धरलाय की नाही हे जसं दुसऱ्यावर सोडत नाही, तसं सिलिंडरचं टोपणही त्याने स्वतःच्या हाताने चाचपून बघावं आणि मगच झोपावं.