समाधीवरचें गवत

वडिलांचें स्मरण ठेवणें ही गोष्ट मला फार वर्षें सोपी वाटत होती. पितृपंधरवड्यांत त्यांची तिथि येते. गुरुजी येतात, पानावर वडे, खीर व अळूची भाजी वाढली जाते, कावळ्यासाठीं घास ठेवला जातो, आणि दक्षिणा देऊन मी कॉलेजांत जाण्यास मोकळा होतों. शिवाय गांवच्या वाचनालयास मीं त्यांच्या नांवें देणगी दिली असून तेथील एका कपाटावर त्यांचें नांव सोनेरी अक्षरांत झळकत आहे. मुलानें याहून अधिक तें काय करावें, असें मी स्वतःस विचारीत असें, आणि उत्तराची वाट न पाहतां समाधान पावत असें. या समाधानास पहिला तडा गेला तो चीन देशांत.

कांहीं वर्षांपूर्वीं एका परिषदेच्या निमित्तानें एप्रिलच्या आरंभीं मी हांगचौ शहरीं गेलों होतों. परिषद आटोपली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं 'छिंगमिंग' हा सण होता. तेथील इतिहासाचे एक वयोवृद्ध अध्यापक मला म्हणाले, "उद्यां मी गांवीं वडिलांची समाधि झाडावयास जाणार आहें. आपणांस यावेंसें वाटलें तर अवश्य यावें." समाधि झाडावयाची म्हणजे काय, हें पाहण्याच्या कुतूहलानें मी त्यांच्याबरोबर निघालों.

छिंगमिंग म्हणजे 'स्वच्छ व उज्ज्वल'. चीनमधील बहुतेक मोठे सण चांद्र तिथीवर येतात. हा मात्र सूर्याच्या गतीवर बसविलेला आहे. वर्षाचे जे चोवीस सौर टप्पे चिनी पंचांगानें पाडले आहेत, त्यांतला हा पांचवा. तो ४, ५ किंवा ६ एप्रिलला येतो. मुळांत ती शेतकऱ्यास वसंतांतील कामांची सूचना होती. त्याच्या लगतच 'थंड अन्नाचा सण' असे. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं व आधीं शिजवून ठेवलेलेंच खावयाचें. आपल्या शीतळा सप्तमीची कोणासही आठवण व्हावी. या सणास पूर्वजांच्या समाधीवर जाण्याची जी लोकरूढि होती, तिला थांग वंशांतील श्वानत्सुंग बादशहानें इ. स. ७३२ मध्यें राजमान्यता दिली. पुढें दोन्ही सण एकजीव झाले, आणि समाधि झाडण्याचा मान छिंगमिंगकडे आला.

चूल न पेटविण्याचा नियम कोठून आला, याची कथा अध्यापकमहाशयांनीं मोटारींतच सांगितली. जिन राज्याचा राजपुत्र चोंग-अर एकोणीस वर्षें परागंदा होता. उपासमारीच्या एका प्रसंगीं जिए झितुई या सेवकानें आपल्या मांडीचें मांस शिजवून त्याला खाऊं घातलें, असें म्हणतात. इ. स. पूर्वीं ६३६ मध्यें राजपुत्रास गादी मिळाली. त्यानें साऱ्या सोबत्यांस बक्षिसें दिलीं, आणि नेमका हाच विसरला. झितुई कांहीं न बोलतां आईला घेऊन डोंगरांत निघून गेला. राजास उशिरां आठवण झाली, तेव्हां त्यानें त्याला बाहेर काढण्यासाठीं रानच पेटविलें. आणि आग विझल्यावर मायलेकांचे देह तेवढे सांपडले. त्या पश्चात्तापापोटीं अग्नि वर्ज्य करण्याची चाल पडली.

"परंतु," अध्यापक हंसून म्हणाले, "आमच्या 'त्सो-च्वान' या जुन्या इतिहासग्रंथांत आगीचें नांवही नाहीं. तो अज्ञातवासांत गेला व तेथेंच वारला, एवढेंच त्यांत आहे. आणि राजानें काय केलें म्हणाल, तर त्याच्या नांवें कांहीं जमीन लावून दिली."

नांवें जमीन! माझ्या डोळ्यांपुढें वाचनालयांतलें तें कपाट उभें राहिलें, आणि मीं घाईनें विषय बदलला.

समाधि डोंगराच्या उतारावर, बांबूच्या बेटाआड होती. पाऊस भुरभुरत होता. खालच्या मळ्यांत चहाची खुडणी चालली होती. छिंगमिंगपूर्वीं खुडलेल्या पानांना तिकडे सर्वांत अधिक मोल येतें. सत्तरी उलटलेल्या त्या गृहस्थांनीं कोट काढला, विळा घेतला आणि ते गवत काढूं लागले. पुतण्या पुढें सरसावला, त्याला त्यांनीं हातानेंच मागें सारलें. गवत निघालें, केर झाडला, वर नवी माती घातली. मग बारीक कुंचल्यानें दगडावरच्या फिकटलेल्या अक्षरांत त्यांनीं लाल रंग भरला. पुढें भाताच्या मद्याचे पेले, फळें आणि वनस्पतीच्या रसानें हिरवे केलेले पिठाचे गोळे मांडले. कागदी नोटा जाळल्या. सर्वांनीं वांकून नमस्कार केला. नंतर त्याच गोळ्यांचा फराळ झाला, आणि पाऊस थांबतांच नातवानें पतंग उडविला. मृतासाठीं आलेलीं हीं माणसें त्या दिवशीं हंसतही होतीं, याचें मला प्रथम नवल वाटलें.

हें स्मरण भाबडें आहे असें मात्र कोणी समजूं नये. चौ एन्लाय ८ जानेवारी १९७६ रोजीं वारले. त्या वर्षीं छिंगमिंगला लोकांनीं बीजिंगच्या तिएनानमेन चौकांत पुष्पचक्रांचे ढीग घातले. सरकारनें तीं रातोरात हलविलीं, तेव्हां ५ एप्रिलला असा क्षोभ उसळला कीं तो बळानें मोडावा लागला. पुढें २००८ पासून याच दिवसाची तेथें सरकारी सुटी सुरू झाली.

परतीच्या वाटेवर अध्यापकांनीं सहज विचारलें, "आपल्या वडिलांची समाधि कोण झाडतें?"

आमच्यांत दहन करतात, अस्थि नदींत सोडल्या, झाडावयास जागाच नाहीं, असें मीं सांगितलें. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग आपण काय झाडतां?"

त्यांच्या मनांत उपरोध नव्हता. परंतु मला वडिलांचीं शेवटच्या वर्षांतलीं पत्रें आठवलीं. कोंकणांतल्या घरीं ते एकटे राहत. प्रत्येक पावसाळ्यानंतर ते लिहीत, "अंगणांत रान फार माजलें आहे. सुटींत आलास तर दोघे मिळून काढूं." मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची सबब सांगत असें, आणि गडी लावण्यासाठीं पैसे पाठवीत असें. ते पैसे त्यांनीं कधीं खर्चिले नाहींत. त्यांच्या मागें पेटींत ते तसेच सांपडले. त्याच पैशांत भर घालून मीं तें कपाट दिलें. राजाच्या आगीस मी मनांत हंसलों होतों. उशिरां आठवण झालेल्या माणसास कांहीं तरी मोठें करून दाखवावेंसें वाटतें. विळा हातीं घ्यावासा वाटत नाहीं.

त्या वर्षींच्या दिवाळीच्या सुटींत मी गांवीं गेलों. घर बंद होतें. वडिलांनीं स्वतः चिरे रचून बांधलेलें तुळशीवृंदावन गवतांत बुडालें होतें. विळा व खराटा घेऊन मी अंगणांत उतरलों. तासाभरांत तळहातास फोड आले, कंबर धरली. तरी वृंदावनाची एक बाजू मोकळी झालेली पाहून मला थोडी धन्यता वाटली.

शेजारच्या काकू गडग्याशीं येऊन बराच वेळ पाहत होत्या. "अरे," त्या म्हणाल्या, "तुझे वडील असेच बसून गवत काढीत. पण ते मुळापासून काढीत. तूं वरवरचें कापतो आहेस. आठ दिवसांत पुन्हां येईल तें."

मीं विळा खालीं ठेवला आणि पहिल्या कोपऱ्याकडे परत गेलों.